अकरा रजिस्टरं आणि एक घरची वही

(गावच्या सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

माईक जरा खाली घ्या, मी बुटकी आहे. हं, आता बरं.

अध्यक्षांनी माझी ओळख ‘लेखिका’ म्हणून करून दिली. तसं काही नाही. माझी एक ओळ कुठं छापून आलेली नाही. मी तीस वर्षं अंगणवाडी सांभाळली आणि त्यातली बावीस वर्षं रात्री घरी एक वही लिहिली. रिटायर झाले तरी वही चालूच आहे. वाचनालयातल्या पोरांनी सांगितलं, ‘ताई, लिहून काय मिळते ते सांगा, अन् नव्यानं लिहायचं तर सुरुवात कशी करावी तेही सांगा.’ मिळत काय नाही ते आधी सांगते. पैसा मिळत नाही. ज्यांच्या घरी चूल पेटायची आहे त्यांनी आत्ताच उठलं तरी चालेल.

लिहिणं माझ्यासाठी नवं नव्हतं. अंगणवाडीची रजिस्टरं अकरा. कुटुंबाची पाहणी, पोषण आहार, लसीकरण, गरोदर माता, गृहभेटी, मुलांची वजनं, सगळ्यांचे रकाने आखलेले. 2021 पासून पोषण ट्रॅकर नावाचं सरकारी अ‍ॅप आलं, ते सगळं मोबाईलवर गेलं, पण रकाने रकानेच. एका वर्षी दिवाळीनंतर एक कुटुंब वीटभट्टीवर निघालं. त्यांची चार वर्षांची पोरगी अंगणवाडीत आली, खिचडीची जर्मनची वाटी माझ्या हातात दिली आणि भिंतीवरच्या उंच खिळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, ‘मी येवो तवरी कोनाले देऊ नको.’ रजिस्टरात मी त्या दिवशी लिहिलं, ‘स्थलांतर’. रकाना तेवढाच होता. घरी आले तर ती वाटी काही डोक्यातून जाईना. कृषी केंद्रवाल्यानं नवीन वर्षाला दिलेली डायरी कोरीच पडली होती, तिच्यात पाच ओळी खरडल्या. ती माझी पहिली नोंद. पोरगी पुढच्या वर्षी आली नाही. वाटी मात्र खिळ्यावर बरेच दिवस होती, हेही वहीतच आहे.

सासूबाईंनी आठेक दिवस पाहिलं आणि विचारलं, ‘रोज रोज काय लिवतं वं? कोनाची उधारी हाये का आपल्यावर?’ मी म्हटलं, ‘नाही, आजचं लिहिते.’ त्या म्हणाल्या, ‘आजचं त आज झालं नं!’ यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

उत्तर माझ्या कामातच होतं, सापडायला उशीर लागला. आम्ही दर महिन्याला लेकरू लटकत्या काट्यावर तोलतो आणि वजनाचा ठिपका तक्त्यावर मांडतो. एका ठिपक्यावरून फारसं कळत नाही. लेकरू लहानखुरं असेल, घरातली सगळीच माणसं तशी असतील. पण चार महिन्यांचे चार ठिपके जोडले की रेघ दिसते. ती वर जाते, आडवी होते, नाही तर खाली वळते. आडवी झाली की आम्ही घरी जाऊन विचारतो, काय झालं, हगवण लागली होती का, आईचं दूध कमी पडतं का. लेकरू रोज डोळ्यांसमोर असतं, तरी आईला ते बारीक होताना दिसत नाही. रेघेत दिसतं. माणूस स्वतःच्या डोळ्यांसमोर तर चोवीस तास असतो, त्याला कुठून दिसणार?

आता माझीच फजिती सांगते. 2017 साल आठवतं ना? गुलाबी बोंडअळीनं अख्ख्या विदर्भाची कपाशी खाल्ली. बाहेरून बोंड ठणठणीत, फोडलं की आत अळी आणि किडका कापूस. त्यानंतर चार वर्षं मी घरात, माहेरी, बचत गटात सगळ्यांना सांगत होते की मी यांना म्हटलं होतं, कपाशी उपटा, हरभरा पेरा, यांनीच ऐकलं नाही. हे बिचारे गप्प बसायचे. एकदा वही शोधताना त्या साली पोचले. माझ्याच अक्षरात लिहिलेलं, ‘आज यांनी विचारलं, कपाशी उपटायची का. मी म्हटलं, थांबा, अजून एक वेचा पाहू.’ वही मिटवून मी बराच वेळ स्वयंपाकघरात बसले. मी खोटं बोलत नव्हते हो, मला खरंच तसंच आठवत होतं! रात्री यांना ते पान वाचून दाखवलं. हे म्हणाले, ‘मले माहीत होतं.’ बस, एवढंच. लिहिण्यानं मला काय दिलं असं कोणी विचारलं तर मी आधी हे पान दाखवते. मान थोडी खाली जाते, पण घरात एक जुनं भांडण मिटलं.

दुसरी मिळकत मनाची आहे, त्यात मी फार शिरत नाही. माझी मुलगी नर्सिंग शिकली, तिनं सांगितलं की 1986 मध्ये जेम्स पेनबेकर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या पोरांवर एक प्रयोग केला. लागोपाठ 4 दिवस, रोज 15 मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल लिहायचं. काही पोरांना साध्याच विषयावर लिहायला दिलं. पुढच्या सहा महिन्यांत मनातलं लिहिणारी पोरं दवाखान्यात कमी गेली. मात्र लिहून उठल्या उठल्या त्यांना आधीपेक्षा वाईट वाटलं होतं. हे मला एकदम पटलं, कारण माझंही तसंच होतं. पुढं असे पुष्कळ प्रयोग झाले, त्यांत फायदा दिसला, पण थोडाच. म्हणून घरात कोणी फार खचलेलं असेल तर वही देऊन मोकळं होऊ नका, डॉक्टरकडे न्या.

आता नव्यानं लिहिणाऱ्यांसाठी. त्या वाटीच्या नोंदीनंतरचे आठ दिवस मी काय लिहिलं होतं माहीत आहे? ‘आजचा दिवस खूप छान गेला.’ दुसऱ्या दिवशी, ‘आज मन उदास आहे.’ आज वाचलं तर काही म्हणजे काही आठवत नाही. काय छान होतं? उदास कशानं? मनात काय आलं ते मागून लिहा, आधी समोर काय होतं ते लिहा. तुरीला काय भाव मिळाला, कोणाची म्हैस व्याली, पाण्याचा टँकर किती वाजता आला. आपला खारपाणपट्टा, इथं विहिरीला पाणी असून ते तोंडात घेववत नाही. टँकरची वेळ ही आपल्याकडं बातमीच आहे.

काहीच सुचत नसेल तर पाऊस लिहा. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा अंगणात उघड्यावर ठेवा, सकाळी पट्टीनं मोजा. डब्यात 10 मिलिमीटर भरलं म्हणजे दर चौरस मीटरवर 10 लिटर पाणी पडलं, एकराला साधारण 40 हजार लिटर. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की 75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, आणि आपण दरवर्षी मृगाच्या एका सरीवर तिफण काढतो. मग दुबार पेरणी. आमच्या घरी वहीमुळे दोनदा हात आवरला गेला. तिसऱ्यांदा नाही आवरला, तेही लिहून ठेवलं आहे.

माणसं बोलतात तसंच लिहा. ‘सासूबाईंनी नाराजी व्यक्त केली’ असं लिहिलं असतं तर त्या वहीत राहिल्याच नसत्या. आपल्याच जिल्ह्यात मोर्शीकडे रिद्धपूर आहे, तिथं आता मराठी भाषा विद्यापीठ झालं. त्याच रिद्धपुरात 1278 च्या सुमारास म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधर स्वामींच्या आठवणी लिहिल्या, तेच ‘लीळाचरित्र’, मराठी गद्याची सुरुवात आपण तिथून धरतो. कशा लिहिल्या? स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य, त्यांच्याकडे बसून विचारलं, मग ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांच्याकडे जाऊन विचारलं. स्वामी कुठं उतरले, काय जेवले, कोणाला काय म्हणाले. मूळ पोथी पुढं परचक्रात गेली आणि शिष्यांना आठवून आठवून पुन्हा लिहावी लागली. एवढी मोठी माणसं ‘काय जेवले’ हे लिहायला लाजली नाहीत, मग आपण आपलं बेसन-भाकर लिहायला कशाला लाजायचं?

दिवस चुकतात. माझ्या वहीत सोयाबीनच्या सोंगणीचा अख्खा महिना कोरा असतो. मागचं भरून काढायला बसू नका, त्या ओझ्यानंच लोक लिहिणं सोडतात. आजची तारीख टाका आणि पुढं चला. पान फाडू नका, वाईट लिहिलेलं तर अजिबात नाही. आणि वही पत्र्याच्या पेटीत ठेवा. माझी दोन वर्षं उधईनं खाल्ली, त्यात मुलीच्या लग्नाचं वर्ष होतं.

लोकांना दाखवावं का? मी सुरुवातीला नाही दाखवलं. तीन वर्षांपासून दर शनिवारी इथल्या बाहेरच्या फळ्यावर वहीतल्या सात-आठ ओळी खडूनं लिहिते. पहिले दोन महिने कोणी वाचतं की नाही कळत नव्हतं. मग एकदा लिहिलं की पुराच्या साली नाल्यात अमक्या घरची गाय वाहून गेली. संध्याकाळी एक म्हातारबुवा काठी टेकत घरी आले, ‘बाई, गाय नोती थे, गोऱ्हा होता. अन् वाहून नाही गेला, तिसऱ्या दिवशी सापडला.’ चहा घेतला आणि दीड तास त्या पुराचं सांगत बसले. त्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. तेव्हापासून फळ्यावर लिहिताना मी एखादी जागा मुद्दाम मोकळी सोडते, ‘साल आठवत नाही’ म्हणून. कोणी ना कोणी येतंच. पण दुसऱ्याच्या घरातलं, दारूचं, सुनेचं, कर्जाचं फळ्यावर जात नाही. ते पेटीत.

पोरांनी विचारलं होतं की मोबाईलवर लिहिलं तर चालेल का. चालेल की. फक्त आपण मेल्यावर तो उघडायचा कसा ते घरी सांगून ठेवा.

काल रात्रीची नोंद वाचते आणि बसते. ‘उद्या वाचनालयात बोलायचं. काय बोलू सुचत नाही. हे म्हणाले, जास्त लांबवू नको, लोकाईले घरी जायचं असते. उजवा गुडघा दुखतो. टँकर आला नाही. दूध नासलं, त्याचा कलाकंद केला, बरा झाला.’