जहाज लपवायचं तर उष्णता कुठे ठेवायची?

टेबलावरनं हात उचललाय, तरी थर्मल कॅमेऱ्यात पंजा अजून दिसतोय बघा. आमच्या अंतराळयुद्धाच्या गेममध्ये जहाज लपवायचं म्हणजे मुख्य भांडण या पंजाशी, रडार नंतर.

रडारचं कोडं बऱ्यापैकी सुटलंय. हे एफ-११७, रडारला चकवणारं अमेरिकी विमान, पहिलं उड्डाण १९८१ चं, सगळं अंग सपाट कोनांचं म्हणजे रडारची लहर भलतीकडेच परत जाते. शेपटाजवळची ती चपटी फट बघा, गरम धूर तिथनं पसरट बाहेर पडतो आणि हवेत मिसळून लवकर थंड होतो. अंतराळात मिसळायला हवाच नाही, आणि मागचा पडदा उणे २७० अंशांचा! माणसं राहतील असं २७ अंशांचं जहाज त्याच्यापुढे दर चौरस मीटरमागे साधारण ४६० वॅट फेकत बसतं.

आता आमची डिझाइन स्क्रीन. पहिला उपाय, जहाज थंड ठेवायचं. केल्विनमधलं तापमान निम्मं केलं की उत्सर्जन १६ पटीनं घटतं, भारी वाटतं, पण जहाजातली उष्णता तेवढीच असते ना, मग ती फेकायला रेडिएटरचे पंख १६ पट मोठे लागतात. हे पंख बघा कसे वाढत चाललेत, जहाज बारीक आणि पंख अवाढव्य.

दुसरा उपाय म्हणजे पंख मिटायचे आणि उष्णता द्रव हायड्रोजनच्या टाकीत ढकलायची. नुसतं उकळून १ मेगावॅट जिरवायला तासाला ८ टन हायड्रोजन जातो, आणि तो इतका हलका की टाक्याच निम्मं जहाज खातात, तोफांना जागा कुठनं आणायची.

तिसरा, उष्णता शत्रूच्या उलट्या बाजूला फेकायची. मग शत्रू एक टेहळणी जहाज मागे पाठवतो. मला हाच भाग सगळ्यात आवडतो, कारण इथे खेळाडू नकाशा बघून विचार करायला लागतो. अदृश्य व्हायचं नुसतं बटण दिलं की हे सगळं जातं, म्हणून ते बटण नकोच असं माझं ठाम मत आहे. स्टेलारिस या अंतराळावरच्या गेममध्ये लपलेल्या ताफ्याच्या शील्ड बंद होतात, किंमत घेतली हे चांगलंच, पण उष्णतेचं घड्याळ, म्हणजे टाकी संपेपर्यंतच लपता येणं, त्याहून चांगलं.

मॅच लांबते, नवे खेळाडू वैतागतात, तेही आहे.

हा टाकीचा काटा. ४ टक्के. २. पंख उघडतायत, आणि पलीकडच्या खेळाडूच्या स्क्रीनवर ठिपका आला.