लोकरी मावा: वाढ आणि वेसण

श्रोतेहो, नमस्कार.

रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण लावलं की सकाळी दही तयार. विरजणातले जिवाणू एकाचे दोन, दोनाचे चार होतात आणि मग थांबतात. दुधातली साखर संपली म्हणून नव्हे, ती बरीच शिल्लक असते. त्यांनीच केलेलं आम्ल त्यांना सोसवत नाही.

तर वाढीला वेसण तीन प्रकारची. अन्न संपतं, आपलीच घाण आपल्याला बाधते, नाहीतर कोणीतरी खाऊन टाकतं. तिसरी बघायला उसाच्या फडात जाऊ.

साल 2002. आधी सांगलीकडं उसाच्या पानाखाली पांढरा कापूस दिसू लागला. मग कर्नाटकातलं चिकोडी, रायबाग, अथणी. बघता बघता कृष्णाकाठचा ऊस पांढरा झाला. हाच तो लोकरी मावा, अंगावर लोकरीसारखं पांढरं आवरण असलेली बारीक कीड. मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना चिकटून रस शोषतो. त्याच्या अंगातून गळणारा चिकट गोडवा खालच्या पानांवर सांडतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि पान उन्हाचा उपयोगच करू शकत नाही.

ह्या माव्याच्या मादीला फडात नर लागत नाही. ती अंडीही घालत नाही, थेट पिलं देते, आणि त्या पिलांतही माद्याच. हिशोबापुरतं धरा, आठवड्याला दुप्पट. एकापासून दहा आठवड्यांत 1,024, वीस आठवड्यांत दहा लाखांवर. दहा आठवडे कोणाच्या नजरेत येत नाही, पुढच्या दहांत फड जातो. त्यात जनावरांसाठी नेलेल्या वाड्याबरोबर, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्याबरोबर, मावा गावोगाव पोचला.

लोकांनी औषध फवारलं. ऊस डोक्याच्या वर गेलेला, औषध पानाखाली पोचेना. आणि जिथं पोचलं तिथं माव्याबरोबर त्याला खाणारेही मेले. खाणारे म्हणजे डिफा पतंगाची अळी आणि मायक्रोमस कीटकाची अळी. इथं नीट ऐका. मावा वाढल्यावरच खाणारा वाढतो, म्हणून तो नेहमी मागे असतो. फवारणीनंतर उरलेला मावा लगेच पिलं देतो. खाणाऱ्याला मात्र आधी भक्ष्य, मग अंडी, मग अळी. परत सांगतो, फवाऱ्यानं वेसणच तुटते.

धारवाडच्या कृषी विद्यापीठानं मायक्रोमस वाढवून शेतात सोडले. ईशान्येकडून एन्कार्शिया ही माव्याच्या अंगात अंडी घालणारी बारीक माशी आणली. माव्याचा जोर ओसरला. मावा संपला नाही, आजही कुठं कुठं दिसतो, पण खाणारे सोबत असतात.

तेव्हा ढगाळ, दमट हवेत आठवड्यातून एकदा पान उलटून बघा. माव्यात जाळी करून बसलेली डिफाची अळी दिसली तर फवारणीचा पंप घरीच ठेवा. नसेल तर हेक्टरी 1,000 डिफा किंवा 2,500 मायक्रोमस अळ्या सोडा, सगळ्या एका कोपऱ्यात नको, फडभर. युरिया शिफारशीपेक्षा जास्त टाकू नका, लुसलुशीत पानावर मावा झपाट्यानं वाढतो. जोडओळ पद्धतीत, म्हणजे दोन ओळी जवळ आणि मग मोकळा पट्टा, हवा खेळते आणि आत शिरून पान तपासता येतं. आणि पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, पेटवणाऱ्यांना काय म्हणावं, त्यात आसऱ्याला बसलेले मित्रकीटकही जळतात, वर जमिनीचा सेंद्रिय कर्बही जातो.

मावा लागलेल्या फडाचं वाडं दुसऱ्या गावात नेऊ नका.