तुम्ही कुठल्या बाजूचे?

(टीव्हीवरचं हवामानाचं बुलेटिन. नकाशावर पिवळे-नारिंगी पट्टे.)

"मध्य महाराष्ट्रात पुढचे दोन दिवस जोरदार पाऊस." पावसाळ्यात हे वाक्य आपण रोज ऐकतो. आता मला सांगा, कोल्हापूरच्या माणसाला कुठले तुम्ही असं विचारलं आणि तो "मध्य महाराष्ट्राचा" म्हणाला, असं कधी झालंय का? तो म्हणणार कोल्हापूर, फार तर पश्चिम महाराष्ट्र. पण हवामान खात्याच्या हिशोबात कोल्हापूर, सोलापूर, नाशिक, जळगाव, पार वर नंदुरबारपर्यंत सगळं मध्य महाराष्ट्र. महसूल खात्याकडं गेलात तर कोल्हापूर पुणे विभागात आणि नंदुरबार नाशिक विभागात. आणि राज्यघटना उघडलीत तर दोघंही "उर्वरित महाराष्ट्र".

हो, उर्वरित. कलम ३७१, पोटकलम दोन. तिथं विदर्भाचं नाव आहे, मराठवाड्याचं आहे, आणि मग पुणे, मुंबई, अख्खं कोकण, खानदेश असं जे काय उरलं ते उर्वरित. गुजरातचंही तसंच, सौराष्ट्र, कच्छ आणि उर्वरित गुजरात. उर्वरितमध्ये कुणी जन्माला येत नाही, उर्वरितची बोली नाही, उर्वरितची भाजी नाही, पण घटनेत आहे बुवा.

(धावत्या गाडीच्या खिडकीतून शेतं. मग नागपूर स्टेशन.)

सरकारी कागदावरची नावं एक आणि माणसाच्या तोंडचं नाव दुसरं, ते बघायला या फिल्मसाठी आम्ही रेल्वेनं फिरलो, म्हणून रेल्वेपासूनच सुरू करू. हे नागपूर. या एका शहरात रेल्वेची दोन विभागीय कार्यालयं आहेत, एक मध्य रेल्वेचं, ज्याचं मुख्यालय मुंबईला, आणि दुसरं दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं, ज्याचं मुख्यालय पार बिलासपूरला, छत्तीसगडात. तिकडं नांदेडचा विभाग दक्षिण मध्य रेल्वेत, त्याचे साहेब सिकंदराबादला. आणि गंमत बघा, मध्य रेल्वेचं मुख्यालय अरबी समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर, तर पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय जबलपूरला, म्हणजे मध्यपेक्षा पश्चिम मध्य कितीतरी पूर्वेला. यात कुणाची चूक नाहीये खरं तर. रुळ जसे पडले तशी ही वाटणी झाली, गाडीला काय, बोली कुठं बदलते याच्याशी तिला देणंघेणं नाही.

(पोस्टाची लाल पेटी. पत्रांवर शिक्के मारणारे हात.)

टपालवाल्यांनी आणखी वेगळा देश कापला. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड आला, तो बसवणारे अधिकारी आपले श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी देशाचे आठ तुकडे केले आणि नववा लष्कराला दिला. पहिला आकडा ४ असेल तर पत्र महाराष्ट्रात जाईल, नाहीतर गोव्यात, मध्य प्रदेशात किंवा छत्तीसगडात. म्हणजे पणजी आणि रायपूर एका घरात, आणि पणजीच्या शेजारचं कारवार, ते ५ वाल्यांच्या घरात.

(जुने नकाशे, एकावर एक ठेवलेले.)

आता हे जे राज्यांचे रंगीत नकाशे आपण शाळेत रंगवले, ते कधीपासूनचे? फार जुने नाहीत. २६ जानेवारी १९५० ला देश प्रजासत्ताक झाला तेव्हा राज्यांना चक्क ए, बी, सी, डी असे वर्ग होते. ए म्हणजे आधीचे ब्रिटिश प्रांत, बी म्हणजे मोठी संस्थानं नाहीतर संस्थानांचे संघ, सी म्हणजे छोटे, केंद्राच्या हाताखालचे, आणि डी मध्ये एकटं अंदमान-निकोबार. शाळेतल्या तुकड्यांसारखं. मग १५ डिसेंबर १९५२ ला मद्रासमध्ये वेगळ्या आंध्रसाठी उपोषणाला बसलेले पोट्टी श्रीरामुलू वारले, तेलुगू भागात आग लागली आणि १ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र राज्य झालं. एकाला दिलं म्हणल्यावर सगळेच उठले. डिसेंबर १९५३ मध्ये नेहरू सरकारनं राज्य पुनर्रचना आयोग नेमला, अध्यक्ष फाजल अली, सोबत हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर.

या तिघांनी काय काम केलंय हे जरा सावकाश सांगतो कारण ते कुणी सांगत नाही. दीड लाखाच्या वर निवेदनं आली. १०४ ठिकाणी हे लोक गेले, नऊ हजारांवर माणसांशी बोलले, ३८ हजार मैल फिरले, तेही त्या काळातल्या गाड्यांनी. प्रत्येक गावाला वाटत होतं आपलं गाव रेघेच्या या बाजूला यावं. भाषा बघायची का, पैसा बघायचा का, का कारभाराची सोय, हा घोळ शेवटपर्यंत होता. ३० सप्टेंबर १९५५ ला अहवाल आला, त्यात १६ राज्यं आणि ३ केंद्रशासित प्रदेश सुचवले होते. पणिक्करांनी तर वेगळं टिपण जोडलं, की उत्तर प्रदेश एवढा अवाढव्य ठेवू नका, तोडा. आणि आपल्या कामाचं म्हणजे, मराठी बोलणाऱ्या आठ जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्य करा असं त्याच अहवालात लिहिलंय. सरकारी आयोगानंच, कुठल्या पुढाऱ्यानं नाही.

संसदेनं ते ऐकलं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला १४ राज्यं आणि ६ केंद्रशासित प्रदेश झाले, त्यात आपलं द्वैभाषिक मुंबई राज्य, कच्छच्या रणापासून भंडाऱ्याच्या तळ्यांपर्यंत पसरलेलं. आदल्या दिवसापर्यंत मध्य प्रदेशची राजधानी असलेलं नागपूर एका रात्रीत राजधानी राहिलं नाही. त्यानंतर संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, गोळीबार, १ मे १९६०. हुतात्मा चौक तुम्ही स्क्रीनवर बघताय, तिथं मी काही बोलत नाही.

(हुतात्मा स्मारक. फक्त रहदारीचा आवाज.)

१९५६ च्या त्या राज्य पुनर्रचना कायद्यानं देशाचे पाच झोनही पाडले, उत्तर, मध्य, पूर्व, पश्चिम, दक्षिण, प्रत्येकाची एक क्षेत्रीय परिषद आणि सगळ्यांचे अध्यक्ष केंद्रीय गृहमंत्री. ईशान्येची परिषद नंतर वेगळी झाली. या बैठकांचं शूटिंग आमच्याकडं नाही, पुढं जाऊ.

आता वळू त्या प्रदेशांकडं ज्यांच्यासाठी आम्ही ही फिल्म करायला घेतली. ज्यांना ना कलेक्टर आहे ना विधानसभा, आणि तरी विचारलं की माणूस पहिलं नाव त्यांचं घेतो.

(झाशी शहराबाहेरचा रस्ता. टमटम, बैल, राज्याच्या सीमेची पाटी.)

हा रस्ता झाशीहून ओरछ्याला जातो. वीस किलोमीटरसुद्धा नाही. झाशी उत्तर प्रदेशात, ओरछा मध्य प्रदेशात. ही पाटी बघितलीत? इथं राज्य बदललं, आणि टमटममधल्या या आजी अलीकडंही बुंदेली बोलत होत्या आणि पलीकडंही तेच बोलतायत, मधे श्वाससुद्धा घेतला नाही. बेतवा नदी, तिच्या काठावरच्या या बुंदेला राजांच्या छत्र्या, मागं गिधाडं बसलीयेत ती वेगळीच. हे सगळं बुंदेलखंड. राणी लक्ष्मीबाईंच्या नेवाळकर घराण्यामुळं झाशी आपल्याला घरची वाटते पण आपण तिला यूपीत बसवून मोकळे होतो, तिथल्या माणसाच्या तोंडी मात्र आधी बुंदेलखंड येतं आणि मग राज्य. आणि हे कधीच राज्य नव्हतं असंही नाही, १९४८ ते १९५६ विंध्य प्रदेश नावाचं राज्य होतं, राजधानी रीवा, त्यात बुंदेलखंडाचा मोठा भाग आणि शेजारचं बघेलखंड. पुनर्रचनेत ते मध्य प्रदेशात विरघळलं. २०११ मध्ये उत्तर प्रदेशच्या विधानसभेनं राज्याचे चार तुकडे करायचा ठराव केला, पूर्वांचल, अवध प्रदेश, पश्चिम प्रदेश आणि बुंदेलखंड. ठराव तसाच राहिला. पाण्याचं हाल, गाव सोडून दिल्लीकडं जाणारी माणसं, २००९ चं ७,२६६ कोटींचं पॅकेज, तो एक वेगळाच विषय आहे.

(बेतवाचं पात्र, संध्याकाळ.)

नावं कशी पडतात हे बघायला मजा येते. पंजाबात नद्याच सांगतात, बिआस आणि सतलजच्या मधला तो दोआबा, बिआस आणि रावीच्या मधल्याचं नाव "माझा", सतलजच्या दक्षिणेचा माळवा. मग तुम्ही म्हणाल माळवा तर इंदूर-उज्जैनचा, तर दोन माळवे आहेत, दोघांनाही एकमेकांचं काही वाटत नाही. राजस्थानात मेवाड, मारवाड, ढूंढाड, हाडौती, शेखावाटी, वागड, नुसती यादी म्हणली तरी तोंडात बाजरीची भाकरी आल्यासारखं वाटतं. तिथल्या सरकारनं २०२३ मध्ये जिल्हे वाढवून ५० केले आणि पुढच्याच वर्षी नव्या सरकारनं ४१ वर आणले, शेखावाटीला काही फरक पडला नाही.

आणि आंध्रातली रायलसीमा. तिथं आम्ही जाऊ शकलो नाही, हे फोटो जुने आहेत, पण गोष्ट सांगायलाच हवी. १८०० मध्ये निजामानं हे जिल्हे कंपनीला देऊन टाकले, आणि तेव्हापासून त्यांचं नावच "दिलेले जिल्हे" असं पडलं. दिलेले! जशी एखादी म्हैस. सव्वाशे वर्षं लोकांनी ते चालवून घेतलं आणि १९२८ मध्ये नंद्यालच्या सभेत ठरवलं, बास, आम्ही रायलसीमा. कृष्णदेवरायाच्या वेळची आठवण काढून. सरकारनं दिलेलं नाव नाही हे, आज हवामान खात्याच्या ३६ उपविभागांत मात्र अधिकृत आहे.

आपल्या वऱ्हाडाचं अगदी असंच. १८५३ मध्ये निजामानं कर्जापायी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, तेव्हा कागदावर नाव होतं हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स. पुढं सीपी अँड बेरार, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड. आज अमरावती विभाग. अकोल्याच्या बाजारात उभं राहून कुणालाही विचारा, आम्ही विचारलं, "आमी वऱ्हाडातले".

(नागपूरच्या जामठा मैदानाबाहेर विदर्भाचे झेंडे.)

क्रिकेटवाल्यांनी तर कधीच निकाल लावलाय. रणजी करंडकात महाराष्ट्रातून तीन टीम खेळतात, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. गुजरातच्याही तीन, गुजरात, बडोदा, सौराष्ट्र. वेगळं राज्य मिळायचं तेव्हा मिळो, विदर्भानं २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ ला रणजी जिंकून टाकली. ह्या पोरांना उर्वरित म्हणून दाखवा.

घटनेत विदर्भ-मराठवाड्याची नावं घालण्याचं कारण होतं विकासात मागं पडण्याची भीती. १९९४ मध्ये तीन वैधानिक विकास मंडळं झाली, एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. एवढंच.

(पहाट. धुक्यात एक छोटं स्टेशन. पाटीवर नाव: वडसा.)

शेवटचा मुक्काम. गोंदियाहून बल्लारशाहकडं जाणाऱ्या लाइनीवर हे स्टेशन. रेल्वे म्हणते वडसा, तहसील कचेरी म्हणते देसाईगंज, जिल्हा गडचिरोली, विभाग नागपूर, प्रदेश विदर्भ. आणि चहाच्या टपरीवरचे हे काका म्हणतात झाडीपट्टी.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. झाडी म्हणजे जंगल, जंगलाचा पट्टा. मघाशी जे वऱ्हाड म्हणलं ना, ते आणि हे दोन्ही विदर्भच, पण वऱ्हाडात काळा माणूस "काया" होतो आणि इथं "कारा". बाहेरून बघणाऱ्याला सगळं एकच, म्हणजे बघा, विदर्भ हे नाव आपण लोकांचं म्हणून मिरवतो पण त्याच्या पोटातही आणखी नावं आहेत. झाडीपट्टी कुठल्याच सरकारी नकाशात नाही. घटनेत नाही, हवामान खात्यात नाही, रणजीत नाही. टपरीच्या मागं मात्र स्टेशन रोडवर ओळीनं नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, बाहेर रंगीत बोर्ड, आत एक टेबल, एक तारखांची वही, आणि दिवाळी झाली की गावोगावचे लोक येतात नाटक बुक करायला. शंकरपट ठरला की नाटक ठरतं, म्हणजे दिवसा बैल पळणार आणि रात्री पडदा उघडणार, तो पहाटेपर्यंत. होळीपर्यंत हा सीझन. इथल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती झाडीपट्टी रंगभूमीसाठीच. दिल्लीच्या कागदावर झाडीपट्टी हा शब्द पोचला तो नाटकाच्या गाडीत बसून.

(रात्र. कापलेल्या धानाचं शेत, त्यात मांडव. बायका गोधड्या घेऊन पुढं जागा धरतायत.)

साडेदहा झालेत. रंगपटात एकजण पेटीचा भाता बघतोय, एकीच्या केसाला गजरा लावायचा राहिलाय. बाहेर माइकवरून गावांची नावं वाचतायत, कुठकुठनं पब्लिक आलंय त्यांची. त्यात दोन गावं वैनगंगेच्या पलीकडची आहेत, दुसऱ्या जिल्ह्यातली. आमच्या कॅमेरावाल्याला मांडवातल्या एकानं विचारलं, "तुमी कोनच्या बाजूचे?" त्याला पटकन उत्तर सुचलं नाही.

(तिसरी घंटा. पडदा.)