नऊने भाग जातो का बघा

श्रोतेहो, नमस्कार. मी एका सरकारी बँकेत कारकून म्हणून लागलो, तेव्हा लेजर, म्हणजे खात्यांची वही, उचलायला दोन हात लागायचे. महिनाअखेरीला बॅलन्सिंग. सगळ्या खात्यांच्या शिलकांची बेरीज जनरल लेजरशी, म्हणजे मुख्य वहीशी, जुळली नाही, की आमचे हेडक्लार्क म्हणत, "फरकाला नऊने भाग जातो का बघा." जात असेल, तर बहुधा कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, 63 चे 36. मग तेवढंच शोधायचं.

बँकांत संगणक आला तो भांडत, घासाघीस करत. 1983 मध्ये बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. पुढेही करार होत गेले. त्या संथपणाला लोकांनी खूप नावं ठेवली. मला मात्र वाटतं, त्या वर्षांत आमची मनं तयार झाली.

घाई झाली ती नंतर. 2000-01 मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती आणली. पंधरा वर्षं नोकरी किंवा वयाची चाळिशी पूर्ण केलेल्यांसाठी. सुमारे एक लाख माणसं बाहेर पडली. आमचे हेडक्लार्कही गेले. आणि नेमकं त्यानंतरच सगळ्या शाखा एका यंत्रणेला जोडणारं कोअर बँकिंग आलं. जुनी वही ज्यांना पाठ होती त्यांना आधी घरी पाठवलं, मग वही संगणकावर चढवायला घेतली! हा क्रम चुकलाच, असं मी आजही म्हणतो. आता बँकांची विलीनीकरणं झाली, दारात कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. निर्णय घेणाऱ्यांनी हा क्रम तरी तपासावा.

आमची शाखा जोडायची होती ती शनिवारची रात्र. शिलका चढवल्या, फरक साडेचार हजारांचा. संगणक विभागाचा मुलगा हुशार, पण तीनदा यादी छापूनही काही सापडेना. शेवटी मी हेडक्लार्कना फोन केला. ते घरच्या सदऱ्यावर आले, चष्मा पुसला. "4,500. नऊने जातो." मग यादीवर बोट फिरवत बसले. तासाभरात बोट थांबलं. वहीत 7,200, संगणकात 2,700.

मुलानं आकडा दुरुस्त केला आणि स्वतःची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "काका, बसा. आता हे कसं चालतं ते मी दाखवतो."

घरी जायला आम्हाला पहाटेचे दोन वाजले.