विकलेल्या रोटाव्हेटरवर कारखान्यात पुढं काय काम चालतं?

(हातातलं ऑइल सील कॅमेऱ्यासमोर धरून)

हे बघा. रबराची ही आतली कडा कातरल्यासारखी झालीय, दिसतंय? रोटाव्हेटरच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागं माती फोडणाऱ्या मशीनच्या, टोकाच्या बेअरिंगवरचं हे सील. मशीनच्या मानानं किंमत किरकोळ. पण हे गेलं की आतलं तेल बाहेर, बाहेरचा चिखल आत, आणि बेअरिंग जाम. तेही ऐन रोप लागणीत, जेव्हा ट्रॅक्टरवाल्याला जेवायला सवड नसते.

नमस्कार मंडळी. अवजारं बनवणारा कारखाना एकदा बाजारात आणलेलं मशीन दरवर्षी थोडं थोडं सुधारत कसा नेतो, ते आज बघायचंय. माझं मत आधीच सांगून टाकतो. या कामाची खरी सुरुवात परत आलेल्या तुटक्या पार्टपासून होते आणि त्याचं वेळापत्रक पीक ठरवतं.

आधी मशीनची रचना थोडक्यात. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे मागचा ताकद देणारा दांडा, साधारण मिनिटाला ५४० फेरे फिरतो. तिथून शाफ्टनं ताकद मधल्या गिअरबॉक्सला येते, तिथून बाजूच्या गिअरला किंवा चेनला, आणि शेवटी खालच्या रोटरला, म्हणजे आडव्या फिरत्या दांड्याला. त्या रोटरवर फ्लँज, म्हणजे गोल चकत्या, आणि फ्लँजवर नटबोल्टनं बसवलेली पाती. रोटरची दोन्ही टोकं मातीत घासतात. सगळ्यात जास्त हाल तिथल्या बेअरिंगचे आणि सीलचे होतात.

आता समजा, जुलैमध्ये कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या गगनबावडा, राधानगरी भागातून सील गेल्याच्या तक्रारी आल्या. डीलरचा फॉर्म उघडला तर एकच ओळ : 'सील खराब, बदलून दिले.' यातून डिझाइनवाल्याला काय कळणार? कारखान्याचा पहिला विचार असतो की महागडं, जास्त ओठांचं सील टाकू. कधी कधी ते बरोबरही असतं. पण जुनं सील नीट बघा. (सील फिरवून दाखवत) कडा सगळीकडून सारखी झिजलेली नाही. एका बाजूला चीर आहे. म्हणजे नुसत्या चिखलानं हे झालेलं नाही. रोटरच्या टोकाला गवत, उसाचं पाचट, कधी खताच्या पोत्याची सुतळी गुंडाळली जाते. ती घट्ट होत होत सीलच्या कडेत शिरते आणि रबर कापते. तिथं कितीही भारी सील बसवलं तरी पुढच्या हंगामात तेच. उपाय आहे सीलच्या पुढं एक लोखंडी कडं, म्हणजे सुतळी तिथंच अडेल. महागड्या सीलपेक्षा स्वस्त!

कारण सापडलं की अर्धं काम झालं. पण हे कारण शोधायला मातीनं माखलेला जुना पार्टच हातात लागतो. स्वच्छ पुसून पाठवला तर पुरावाच गेला.

मग ड्रॉइंग बदलायचं, आणि इथं कोल्हापूरची ताकद कामाला येते. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहती. पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, बनवणारा, फाउंड्री, मशीन शॉप, हीट ट्रीटमेंट, सगळं हाकेच्या अंतरावर. बेअरिंगच्या हाउसिंगची, म्हणजे बाहेरच्या घराची, एक भिंत जाड करायची तर पॅटर्नवाल्याकडं जाऊन समोरासमोर बोलता येतं. ओतलेलं लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, त्याचा हिशेब तो पॅटर्नमध्येच धरतो. सॅम्पल कास्टिंग काढलं, मशीनिंग केलं, बसवून बघितलं, नाही जमलं तर परत. दूरच्या शहरातल्या कारखान्याला ही सोय सहजासहजी मिळत नाही, आणि आपल्या लघुउद्योजकांनी तिचा आणखी फायदा घ्यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

लोखंड आणि शेती यांची इथली सांगड जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी घेत नव्हते, लोखंडानं जमीन नासते असा समज होता. पुढं पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या. तोफेचा नांगर झाला, आपल्या मातीत. हे सांगताना आजही अंगावर काटा येतो.

बरं, सॅम्पल तयार झालं. चाचणी कधी घेणार? भाताच्या रानातली चिखलणी जून-जुलैमध्ये. कडं तयार व्हायला ऑगस्ट उजाडला तर गेलं वर्ष! तोवर कारखान्यात टाकीत चिखल भरून रोटर मोटरवर तासन्‌तास फिरवतात. ते करावंच, सीलची गळती तिथं कळते. पण टाकीत दगड नसतो, बांध नसतो, वळणावर मशीन उचलायला विसरलेला ड्रायव्हर नसतो. म्हणून उलटा हिशेब करावा लागतो : रोप लागणीतल्या तक्रारी श्रावणात गोळा, दिवाळीपर्यंत ड्रॉइंग, ऊस तुटल्यावर खोडव्याच्या रानात पाचटातली चाचणी, आणि मेअखेर मशीन पश्चिमेकडं चिखलासाठी तयार.

आपला जिल्हा तर चाचणीसाठी फार चांगला. पश्चिमेला धुवांधार पाऊस आणि भात, आजरा-चंदगडकडं जांभ्याचे खडे, शिरोळकडं काळी चिकट रानं. पात्याचंच घ्या. पोलाद जास्त कडक केलं तर झीज कमी होते, पण दगडावर पातं तुटतं. मऊ ठेवलं तर वाकतं, लवकर झिजतं. एका जागी चाचणी घेऊन 'पास' लिहिणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. आणि चिखलणी सोडली, तर वापसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, नसताना घेतलेल्या चाचणीवर तर नाहीच.

पीक पद्धतही बदलत राहते. पूर्वी उसाची सरी तीन फुटांची. आता साडेचार, पाच फूट, कारण आंतरमशागतीला छोटा ट्रॅक्टर शिरला पाहिजे आणि तोडणीला यंत्र. पाचट पेटवायचं सोडून कुट्टी करून रानातच ठेवणारे वाढलेत. सरी रुंदावली की मशीनची रुंदी, चाकातलं अंतर, सगळं पुन्हा बघावं लागतं. मशीन उत्तम आहे आणि सरीत बसत नाही, असं होऊन चालत नाही.

आता एक गोष्ट कारखानदारांनी कृपा करून ऐकावी. सुधारणा करा, पण जुन्या ग्राहकाचा पार्ट बंद पाडू नका. पात्याच्या दोन भोकांमधलं अंतर उगाच दोन मिलिमीटरनं बदललं की गावातल्या दुकानदाराला दोन प्रकारची पाती ठेवावी लागतात, आणि रात्री आठ वाजता शेतकऱ्याच्या हातात नेमकं चुकीचं पातं येतं. नवीन कडं जुन्या मशीनवरही बसलं पाहिजे. कास्टिंगवर रिव्हिजनचं अक्षर उठावदार ओतलं पाहिजे, म्हणजे पाच वर्षांनी मिस्त्रीला कळेल कुठला पार्ट हातात आहे. अनुदानासाठी मान्यताप्राप्त संस्थेचा चाचणी अहवाल लागतो, त्यामुळंही मूळ मापं विचार करूनच हलवावीत.

आणि माहिती मागायची ती ड्रायव्हरकडून. आपल्याकडं रोटाव्हेटर बहुतेक भाड्यानं मारला जातो. मालक आपल्या रानात दोन दिवस चालवेल, भाड्याचा ड्रायव्हर हंगामभर. मशीन कुठल्या आवाजाला बिघडायला लागतं हे त्याला आधी कळतं, पण वॉरंटीच्या फॉर्मवर त्याला जागाच नसते.

म्हणून तुम्हाला एक विनंती. सील, बेअरिंग, पातं गेलं तर धुऊ नका. माखलेलं तसंच पिशवीत घाला. चिठ्ठीवर लिहा : गाव, रान कसलं, आधीचं पीक कोणतं, ट्रॅक्टर किती एचपीचा, अंदाजे किती तास चाललं. ती पिशवी डीलरला द्या आणि कारखान्यात पाठव म्हणून सांगा. पुढच्या व्हिडिओत खोडव्यातलं पाचट कुट्टी मशीन उघडून बघू. राम राम.