डेलावेअरच्या अलीकडचं मत

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत डेलावेअर नावाची नदी आहे. अलीकडे न्यू जर्सी, पलीकडे पेनसिल्व्हेनिया. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास आपली पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात. ज्यांना नागरिकत्व मिळालंय ती नोव्हेंबरात मतदानही करतात. पण अध्यक्षपदाचे उमेदवार तिकडे मतं मागायला फारसे फिरकत नाहीत. नदीपलीकडे मात्र गावोगाव सभा.

कारण अमेरिकेतला मतदार थेट अध्यक्ष निवडत नाही, आपल्या राज्याचे निर्वाचक निवडतो. एकूण निर्वाचक 538, जिंकायला हवेत 270. मेन आणि नेब्रास्का सोडले तर प्रत्येक राज्यात जो पहिला, त्याच्याच पदरात सगळे निर्वाचक. न्यू जर्सी 1992 पासून दर वेळी डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेलंय, मग तिथे घाम कोण गाळणार?

यात एकाच पक्षाचं नुकसान होतं, असं समजू नका. 2020 मध्ये ट्रम्प यांना कॅलिफोर्नियात 60 लाख मतं पडली, त्यांनी जिंकलेल्या टेक्सासपेक्षाही जास्त! त्या 60 लाखांतून निर्वाचक मिळाला नाही एकही. मला ही गोष्ट फार लागते.

आपले राष्ट्रपतीही निर्वाचक मंडळच निवडतं. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य 175, सिक्कीमच्या आमदाराचं 7, लोकसंख्येच्या हिशेबाने. पण आमदार ज्याला मत देतो, त्याच्याच खात्यात ते जमा होतं. राज्यातल्या बहुमताच्या उमेदवाराकडे वळवलं जात नाही.

अमेरिकेची ही पद्धत लहान राज्यांसाठी केली, असं सांगतात. 1787 च्या फिलाडेल्फियाच्या घटना लिहिणाऱ्या बैठकीत मात्र तिथले एक घटनाकार जेम्स मॅडिसन यांनी वेगळीच अडचण मांडली होती. लोकांनी थेट निवडणं त्यांना स्वतःला योग्य वाटत होतं. पण दक्षिणेतल्या गुलामांना मताधिकार नव्हता, म्हणजे थेट मतदानात दक्षिणेचं वजन घटलं असतं. निर्वाचकांचा आकडा राज्याच्या संसदेतल्या जागांवर ठरला, आणि जागा मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरली. ज्यांना मत नाही, त्यांच्या डोक्यांवर मालकांचं वजन वाढलं. आणि लहान राज्यांचं म्हणाल, तर वायोमिंगला 3 निर्वाचक आहेत, तरी प्रचाराला तिथे कोण जातं?

एक आक्षेप मात्र मी मनावर घेतो. थेट मतदानात निकाल चुरशीचा लागला, तर देशभर फेरमोजणी करावी लागेल. पण 2000 साल आठवा. देशभरात अल गोर पाच लाखांहून जास्त मतांनी पुढे होते, तिथे वाद नव्हता. वाद झाला तो एका फ्लोरिडात, 537 मतांवरून, आणि गोर हरले. चुरस या पद्धतीनेच निर्माण केली होती. 2016 मध्येही हिलरी क्लिंटन 28 लाखांहून जास्त मतांनी पुढे होत्या आणि हरल्या.

थेट मतदानासाठी घटनादुरुस्तीचा प्रयत्न झाला होता. 1969 मध्ये प्रतिनिधीगृहाने ती मोठ्या बहुमताने मंजूर केली, पुढच्या वर्षी सिनेटमध्ये लांबलचक भाषणांनी ती अडवली गेली. आता काही राज्यांनी आपापसांत करार केलाय : देशभरात ज्याला जास्त मतं, त्याला आमचे निर्वाचक. करारातल्या राज्यांचे मिळून 270 झाले की तो लागू होईल. 2024 मध्ये मेन सामील झालं तेव्हा आकडा 209 होता. न्यू जर्सी त्यात 2008 मध्येच आलं. नदीपलीकडचं पेनसिल्व्हेनिया त्या यादीत नव्हतं.