जे हलवायचं नाही, त्याला धक्का न लावणारी पांढरी भुकटी

(दृश्य: बर्फाच्या पाण्यात ठेवलेला चंबू, आत पिवळं द्रावण.)

हे बेंझिल आहे, इथेनॉलमध्ये विरघळवलेलं. आता स्पॅच्युलाच्या टोकावर मावेल एवढी पांढरी भुकटी त्यात पडते. बारीक बुडबुडे उठतात, पिवळा रंग फिकट होत जातो आणि थोड्या वेळात द्रावण रंगहीन होतं. बेंझिलमधल्या दोन शेजारी कार्बोनिल गटांमुळे, म्हणजे ऑक्सिजनशी दुहेरी बंधानं जोडलेल्या कार्बनांमुळे, तो पिवळेपणा होता. भुकटीनं त्यांना हायड्रोजन दिला, त्यांची अल्कोहोलं झाली.

ही भुकटी म्हणजे सोडियम बोरोहायड्राइड.

(दृश्य: शिकागो, जुनी छायाचित्रं.)

दुसऱ्या महायुद्धाचा काळ. शिकागो विद्यापीठात हर्मन श्लेसिंजर आणि हर्बर्ट ब्राउन युरेनियमचं सहज वायुरूप होणारं संयुग शोधत होते. त्या खटाटोपात सोडियम बोरोहायड्राइड हाती आलं. युरेनियमसाठी त्याची गरज उरली नाही, पण रणभूमीवर हायड्रोजन तयार करायला ते लष्कराला हवं होतं. अडचण होती शुद्धीकरणाची. मिश्रणातून ते वेगळं काढायला विद्रावक हवा, म्हणून ॲसिटोन घालून पाहिलं, तर जोरदार प्रक्रियाच सुरू झाली! विरघळवायला आणलेल्या ॲसिटोनचंच क्षपण होऊन, म्हणजे त्याला हायड्रोजन मिळून, आयसोप्रोपिल अल्कोहोल तयार होत होतं. युद्धकाळातल्या गुप्ततेमुळे हे काम छापून यायला १९५३ साल उजाडलं. मला या सगळ्या कथेत तो ॲसिटोनचा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. फसलेलं शुद्धीकरण म्हणून तो सोडून देणं किती सोपं होतं!

(दृश्य: दोन रेणूंची आकृती.)

याच घराण्यातलं लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड १९४७ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. ते फार जहाल. कीटोन (दोन कार्बनांमधला कार्बोनिल), एस्टर (ज्याच्या कार्बोनिलशेजारी आणखी एक ऑक्सिजन असतो), आम्ल, कशालाच सोडत नाही, आणि पाण्याशी गाठ पडली तर पेट घेऊ शकतं. बोरोहायड्राइड मात्र मेथनॉलमध्येही काम करतं. ॲल्युमिनियमच्या मानानं बोरॉन आपला हायड्रोजन घट्ट धरून ठेवतो. कीटोनमधला कार्बन इलेक्ट्रॉनांसाठी भुकेला असतो, त्याला तो देतो. एस्टरमध्ये शेजारचा ऑक्सिजन कार्बनची भूक थोडी भागवतो, म्हणून साध्या परिस्थितीत तिकडे तो सहसा वळत नाही. पंधरा पायऱ्या चढून बनवलेल्या रेणूत एकच गट बदलायचा असेल, तर ही सौम्यता म्हणजे कित्येक महिन्यांची मेहनत वाचणं.

पुढे पर्ड्यू विद्यापीठात ब्राउन यांनी जहाल आणि सौम्य या दोन टोकांमधल्या ताकदीच्या हायड्राइडांच्या पायऱ्या एकेक करून बांधल्या. १९७९ च्या नोबेलमध्ये बोरॉनवरच्या कामासाठी त्यांचा वाटा होता. १९७८ मध्ये फ्रान्समधल्या ल्यूश यांनी बोरोहायड्राइडला सीरियम क्लोराइडची जोड दिली. मग कार्बोनिलला लागून असलेला दुहेरी बंधही शाबूत राहू लागला.

(दृश्य: एनएमआरचा आलेख, म्हणजे रेणूतले हायड्रोजन कुठल्या गटाशेजारी आहेत ते रेघांवरून सांगणारा.)

आता दुसऱ्या चंबूत इथाइल ॲसिटोॲसिटेट घेतलंय. एकाच रेणूत कीटोन आणि एस्टर. भुकटी पडली, प्रक्रिया संपली, आलेख छापून आला. आलेखाच्या पट्टीवर कीटोनशेजारच्या मिथाइलची २.२ जवळची एकेरी रेघ गायब आहे. आणि ४.२ पाशी, एस्टरच्या इथाइलची चार शेंड्यांची खूण होती तिथंच उभी आहे.